दौलतची गोळी

केवळराम नन्नावरेच्या छातीत धातूची झडप आहे.
दुकानातला फ्रीज मध्येच थांबला
की काउंटरच्या अलीकडे मला ती ऐकू येते.
टिक. टिक.
हातात घड्याळ नसलेल्या माणसाची टिकटिक.

छाती उघडली त्याला सहा वर्षं झाली.
तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी,
महिन्याला ब्रह्मपुरीला सुई, आणि एक आकडा :
अडीच ते साडेतीन.
खाली गेला तर रक्त झडपेवर साकळतं,
वर गेला तर कुठूनही वाट काढतं.
"पेटीवानीच आहे जी," केवळराम म्हणतो,
"भाता लय दाबला तं सूर फाटते,
कमी दाबला तं बसते."

मंडईपासून होळीपर्यंत तो झाडीपट्टीत पेटी वाजवतो.
आज एका गावात, उद्या नदीपल्याड,
रात्री दहाला घंटा, पहाटे पडदा.
होळीनंतर रात्री रिकाम्या,
आणि रिकाम्या रात्रीत ती झडप.
"माहाच आवाज मले झोपू देत नाही."
तो हसायचा. मीही हसायचो,
आणि गोळ्या मोजून द्यायचो.

त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही, ते असं :
धाकट्या दौलतला लहानपणापासून मिरगी.
सरकारी दवाखान्यातून त्याला मिळते
पांढरी, बारकी, कडू गोळी,
खाल्ली की पोरगं जेवताजेवता पेंगतं.
एप्रिलपासून त्या पुडीतली एक
केवळरामच्या जिभेवर.
घरातलीच गोळी.
घरात कोण कोणाला चिठ्ठी मागतं?

गोळीनं झोपवलं.
पण झोपल्या माणसाच्या खऱ्या काळजात,
म्हणजे यकृतात, तिनं मजूर वाढवले.
जिथं दोन बायका धान पाखडायच्या तिथं दहा.
संध्याकाळची गोळी पोचते न पोचते तोच फस्त.
जुलैत आकडा आला एक पूर्णांक सहा.
डॉक्टर म्हणाले, पालेभाजी जास्त खाता?
म्हणाला, हो, तरोटा निघालाय.
पाच खोडून आठ झाले.
मी चिठ्ठी वाचली. आठ दिले.

मग दिवाळी, मंडई, पहिलं नाटक.
रात्री पुन्हा भरल्या.
दौलतची गोळी त्यानं सोडून दिली,
विडी सोडावी तशी, जरा तोऱ्यातच.
दहा बायका एकदम घरी जात नाहीत.
आज एक, परवा एक,
पंधरा-वीस दिवसांत खळं मोकळं झालं,
आणि आठ म्हणजे खरोखर आठ उरले.

सुगंधाला आधी दिसलं :
मंजनाची चूळ गुलाबी.
मनगट पेटीच्या काठाला टेकतं तिथं जांभळं.
"लाकूड लागते वं," म्हणाला.

तिसऱ्या अंकात खलनायकानं रंगाची पिशवी फोडली,
बायका रडल्या,
आणि खाली पेटीपाशी खरं रक्त
नाकातून काळी दोनवर पडत होतं.
बोट घसरलं.
कोणीतरी ओरडलं, पेटीवाला झोपला काय बे!

ब्रह्मपुरीला आकडा नऊ. इंजेक्शन. दोन पिशव्या.
डॉक्टरनं सगळं विचारलं :
दारू? अंगदुखीची गोळी? झाडपाला?
नाही, नाही, नाही.
कोपऱ्यात दौलत उभा होता,
ज्याला घरात कोणी काही विचारत नाही.
तो म्हणाला, "दादा माही गोळी खात होता ना."
मग थोडं थांबून,
"म्हणून मले पुरत नव्हत्या."

श्रावणात दौलत दोनदा बांधीत पडला होता.
चिखलात तोंड.
आम्ही म्हणालो होतो, ऊन लागलं असेल.
श्रावणात.

आता मी प्रत्येकाला विचारतो :
घरातल्या दुसऱ्या कोणाची काही खाता का?
लोक चिडतात. सुटे पैसे मागतात.

परवा केवळराम आला. आकडा तीन.
"झोप?"
"नाही येत."
फ्रीज थांबला.
तो बोटानं काउंटरवर ठेका धरून होता,
छातीतल्या टिकेच्या
किंचित मागे.